इंग्रजी मेसेजमधले "टू", "यू" आणि "बाय": धंद्याचे पैसे कुठे अडकतात?



खालची दोन वाक्यं सावकाश वाचा.

वी वॉन्ट टू पे फॉर द ट्रान्सपोर्ट.
वी वॉन्ट यू टू पे फॉर द ट्रान्सपोर्ट.

फरक फक्त एका "यू"चा आहे. पण पहिल्या वाक्यात गाडीभाडं तुम्ही देणार आणि दुसऱ्यात समोरचा देणार. घाईघाईत "यू" टाइप करायचा राहिला, तर भाडं तुम्ही लेखी स्वतःच्या अंगावर घेतलंत. समोरचा सरळ माणूस असेल तर फोन करून विचारेल. नसेल तर महिन्याभराने तोच मेसेज तुम्हाला दाखवेल.

आपल्याला इंग्रजी लागतं कुठे? दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला नाही लागत. पण समजा तुमचा घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे. पाऊच छापून देणारा वापीचा आहे आणि मोठी ऑर्डर बंगळुरूच्या एका हॉटेलच्या परचेस डिपार्टमेंटकडून आली आहे. तिथे मराठी चालणार नाही, हिंदीचाही भरवसा नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर इंग्रजीच लिहावं लागतं. बोलताना चूक झाली तर आपण लगेच सावरून घेतो. लिहिलेलं मात्र तसंच राहतं, म्हणून आज फक्त लिखाणाबद्दल बोलू.

शब्द येतात, मग अडतं कुठे?

पे, सेंड, ऑर्डर, डिलिव्हर, स्टॉप हे शब्द तुम्हाला येतात. त्या शब्दाच्या मागेपुढे काय लागतं, तिथे आपण अडतो. हे मराठीतही आहे, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. बघा:

मी माल पाठवायचं ठरवलं.
मी त्याला माल पाठवायला सांगितलं.
मी माल पाठवणं थांबवलं.

तिन्हीकडे "पाठवणे" आहे, पण कुठे "पाठवायचं", कुठे "पाठवायला", कुठे "पाठवणं". हे कोण ठरवतं? त्याच्यापुढचं क्रियापद ठरवतं. "मी माल पाठवायला ठरवलं" असं कुणी म्हणालं तर आपल्या कानाला लगेच कळतं. हा नियम आपल्याला कुणी शिकवला नाही, लहानपणापासून ऐकून तो बसला.

इंग्रजीतही असंच आहे. प्रत्येक क्रियापदाचा स्वतःचा साचा असतो. ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२४ मध्ये जपानला इंग्रजी शिकवायला गेले. शब्दांचे अर्थ पाठ असूनही परक्या माणसाला वाक्य जुळवता येत नाही, या अडचणीवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. आज ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून जो कोश मिळतो, तो हाच. त्यात त्यांनी क्रियापदांचे २५ साचे मांडले होते. घाबरू नका, धंद्याच्या मेसेजपुरते चार-पाच साचे पुरतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. सगळ्या चुका सारख्या नसतात. काही चुका फक्त कानाला खटकतात, समोरच्याला अर्थ कळतो. काही चुकांमध्ये मात्र वाक्य वरवर बरोबर दिसतं आणि अर्थ वेगळाच होतो. शाळेत आपल्याला पहिल्या प्रकारच्या चुकांची भीती घातली गेली. धंद्यात दुसऱ्या प्रकारच्या चुका महाग पडतात. म्हणून आधी त्या बघू.

भाग १: खिशाला बसणाऱ्या चुका

१. काम कोणाच्या अंगावर?

अ‍ॅग्री, डिसाइड, प्लॅन, ऑफर, रिफ्यूज, होप या क्रियापदांच्या मागून थेट "टू" येतो. इथे काम करणारा तोच, ज्याच्या नावाने वाक्य सुरू झालं.

वी अ‍ॅग्री टू सप्लाय ५० किलोज. माल आम्ही देणार.

आस्क, टेल, रिक्वेस्ट, रिमाइंड, अलाऊ, अ‍ॅडव्हाइज या क्रियापदांच्या साच्यात मध्ये माणूस बसतो आणि मग "टू" येतो. काम त्या मधल्या माणसाचं.

वी रिक्वेस्ट यू टू सेंड द प्रूफ. प्रूफ समोरचा पाठवणार.
वी आस्क्ड हिम टू चेक द कलर. रंग तो तपासणार.

मधल्या माणसाचं रूप लक्षात ठेवा: मी, अस, हिम, हर, देम. मराठीत जसं "त्याला, आम्हाला, तिला" म्हणतो, तसं. "वी आस्क्ड ही" होत नाही.

वॉन्ट आणि एक्स्पेक्ट ही दोन क्रियापदं दोन्ही साच्यांत चालतात, म्हणून तीच सगळ्यात धोक्याची. "वी एक्स्पेक्ट टू रिप्लेस द डॅमेज्ड पीसेस" म्हणजे खराब नग आपण बदलून देणार. "वी एक्स्पेक्ट यू टू रिप्लेस द डॅमेज्ड पीसेस" म्हणजे त्यांनी बदलून द्यावेत. मेसेज पाठवण्याआधी या दोन क्रियापदांपुढे थांबा आणि मध्ये माणूस हवा का ते बघा.

मराठीतल्या "की"मुळे आपण "आय वॉन्ट दॅट यू सेंड" असंही लिहितो. वॉन्टला "दॅट" चालत नाही. "आय वॉन्ट यू टू सेंड" लिहा.

प्रॉमिस हे क्रियापद वेगळं वागतं. "ही आस्क्ड मी टू सेंड द सॅम्पल" यात सॅम्पल मी पाठवणार. पण "ही प्रॉमिस्ड मी टू सेंड द सॅम्पल" यात पाठवणारा तो आहे. गोंधळ नको असेल तर सरळ लिहा: ही प्रॉमिस्ड अस दॅट ही वुड सेंड द सॅम्पल.

आता शब्द किती बांधतो, तेही बघा. "वी होप टू डिलिव्हर" ही नुसती आशा. "वी प्लॅन टू डिलिव्हर" हा विचार. "वी विल ट्राय टू डिलिव्हर" म्हणजे प्रयत्न करू. "वी अ‍ॅग्री टू डिलिव्हर" म्हणजे शब्द दिला. चारही वाक्यांचा साचा एकच आहे, जबाबदारी मात्र वाढत जाते. गिरणीवाला मिरच्या वेळेत दळून देईल याची खात्री नसेल, तर अ‍ॅग्री लिहू नका. आणि सप्लायरने "वी विल ट्राय टू" लिहिलं असेल, तर त्याच्या भरवशावर पुढच्या गिऱ्हाइकाला पक्की तारीख देऊ नका.

२. "टू" लावायचा की आयएनजी?

वी स्टॉप्ड टू चेक द सील्स.
वी स्टॉप्ड चेकिंग द सील्स.

पहिल्याचा अर्थ, सील तपासायला आम्ही थांबलो. दुसऱ्याचा अर्थ, सील तपासणं आम्ही बंदच केलं. खाण्याच्या वस्तू विकणाऱ्याने दुसरं वाक्य गिऱ्हाइकाला पाठवलं तर पुढची ऑर्डर येईल का?

दोन्ही चालतात पण अर्थ बदलतो, अशी धंद्यातली आणखी तीन क्रियापदं:

रिमेंबर: "प्लीज रिमेंबर टू पे" म्हणजे पैसे द्यायची आठवण ठेवा. "वी रिमेंबर पेइंग" म्हणजे पैसे दिल्याचं आम्हाला आठवतंय. पहिल्यात पैसे अजून यायचे आहेत, दुसऱ्यात ते देऊन झालेत.

ट्राय: "ट्राय टू ओपन द फाइल" म्हणजे फाइल उघडायचा प्रयत्न करा. "ट्राय ओपनिंग द फाइल ऑन अ कॉम्प्युटर" म्हणजे कॉम्प्युटरवर उघडून तर बघा, कदाचित जमेल.

रिग्रेट: "वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू" म्हणजे आता वाईट बातमी येणार. "वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू" म्हणजे तुम्हाला सांगितल्याचा आम्हाला पश्चात्ताप होतोय. दुसरं वाक्य ग्राहकाला चुकूनही जाऊ देऊ नका.

सोपी खूण अशी. या चारपैकी स्टॉप, रिमेंबर आणि रिग्रेट यांच्यासोबत "टू" असेल तर ते काम नंतरचं. आयएनजी असेल तर ते काम आधीच झालेलं किंवा चालू असलेलं. ट्रायचा अर्थ मात्र वेगळा लक्षात ठेवा.

३. भाव "बाय" वाढला की "टू" वाढला?

हे वाक्य मी माझ्या प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून दाखवतो.

द रेट विल इन्क्रीज बाय १२ रुपीज.
द रेट विल इन्क्रीज टू १२ रुपीज.

पाऊचचा आजचा भाव १० रुपये आहे असं धरा. "बाय १२" म्हणजे १२ रुपयांनी वाढ, नवा भाव २२. "टू १२" म्हणजे १२ रुपयांपर्यंत वाढ, नवा भाव १२. पाच हजार पाऊचच्या ऑर्डरवर हा फरक ५० हजार रुपयांचा होतो. मराठीत "-ने वाढला" आणि "-वर गेला" यात आपण कधी गोंधळत नाही. इंग्रजीत तेच काम हे दोन छोटे शब्द करतात. रिड्यूसलाही हाच नियम. भावाच्या मेसेजमध्ये जुना आणि नवा, दोन्ही आकडे लिहा: फ्रॉम १० रुपीज टू १२ रुपीज. मग वादाला जागाच राहत नाही.

४. आपलं एक "पर्यंत", इंग्रजीचे दोन

"माल शुक्रवारपर्यंत देतो" आणि "दुकान शुक्रवारपर्यंत बंद आहे". मराठीत दोन्हीकडे "पर्यंत". इंग्रजीत पहिल्याला "बाय" आणि दुसऱ्याला "अनटिल" किंवा "टिल".

वी विल डिलिव्हर बाय फ्रायडे. शुक्रवार उलटायच्या आत माल पोचणार.
द शॉप इज क्लोज्ड अनटिल फ्रायडे. तोवर बंदच.

एकदाच होणारं काम असेल तर बाय. तोवर चालू राहणारी स्थिती असेल तर अनटिल. "वी विल डिलिव्हर टिल फ्रायडे" लिहिलं तर अर्थ होतो, शुक्रवारपर्यंत रोज माल देत राहू आणि मग थांबू. रोजच्या पुरवठ्याचं गिऱ्हाईक असेल तर ते दुसरा सप्लायर शोधायला लागेल.

५. "विदिन" आणि "आफ्टर"

पेमेंट विदिन ३० डेज ऑफ डिलिव्हरी. माल मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत.
पेमेंट आफ्टर ३० डेज. ३० दिवसांनंतर. पण नंतर म्हणजे कधी? ३१व्या दिवशी की ९०व्या? वाक्यात काहीच नाही.

आपण बोलताना "महिन्याने देतो" म्हणतो आणि तेच "आफ्टर वन मंथ" म्हणून लिहितो. मुदतीला शेवट हवा असेल तर विदिन लिहा, आणि कुठल्या दिवसापासून मोजायचं तेही लिहा.

हे नुसतं व्याकरण नाही. तुम्ही स्वतः उत्पादन करत असाल किंवा सेवा देत असाल, आणि तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ चं कलम १५ तुमच्या कामाचं आहे. लेखी ठरलेली मुदतही माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. मुदत ठरवलेलीच नसेल तर ती १५ दिवस धरली जाते. म्हणून बिलावर आणि ईमेलमध्ये मुदतीची ओळ स्वच्छ असू द्या.

भाग २: फक्त खटकणाऱ्या चुका

या चुकांनी पैसे जात नाहीत. पण परचेस डिपार्टमेंटमध्ये बसलेला माणूस दिवसभर ईमेल वाचतो, त्याच्या नजरेत आपलं लिखाण नीटनेटकं दिसावं. चार गोष्टी पुरतात.

"मला"ची दोन रूपं. मराठीत "मला पाठवा" आणि "मला समजावून सांगा", दोन्हीकडे "मला". इंग्रजीत सेंड, गिव्ह, शो, टेल यांना नुसतं "मी" चालतं: सेंड मी द बिल. एक्सप्लेन आणि रिप्लाय यांना मध्ये "टू" लागतो: एक्सप्लेन द टर्म्स टू मी, रिप्लाय टू मी. सजेस्टपुढे तर माणूस लिहायची गरजच नाही: प्लीज सजेस्ट अ डिझाइन.

नामाला शेपूट, क्रियापदाला नाही. हे एकदा कळलं की बऱ्याच चुका एकदम जातात. डिस्कशन अबाउट द रेट बरोबर, पण क्रियापद असेल तर नुसतं डिस्कस द रेट. अ‍ॅन ऑर्डर फॉर ५,००० पाऊचेस बरोबर, पण वी ऑर्डर्ड ५,००० पाऊचेस. अ रिक्वेस्ट फॉर अ सॅम्पल बरोबर, पण वी रिक्वेस्टेड अ सॅम्पल. तसंच कॉन्टॅक्ट अस. "कॉन्टॅक्ट टू अस" नको.

"इट" मध्ये बसतं. "पिक अप द पार्सल" आणि "पिक द पार्सल अप" दोन्ही चालतं. पण पार्सलच्या जागी "इट" आलं की ते मध्येच बसवायचं: पिक इट अप. "पिक अप इट" होत नाही. तसंच सेंड इट बॅक, फिल इट इन, कॉल मी बॅक.

"लुक फॉरवर्ड टू" पुढे आयएनजी. इथला "टू" वेगळा आहे. ओळखायची युक्ती अशी: "टू"पुढे एखादी वस्तू ठेवून बघा. "वी लुक फॉरवर्ड टू युअर ऑर्डर" बसतं ना? मग क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लावा: वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू. उलट "वी वॉन्ट टू युअर ऑर्डर" बसत नाही, म्हणून तिथे साधं क्रियापद: वी वॉन्ट टू हिअर.

एक अख्खा मेसेज तपासू

थकलेल्या पैशांसाठी असा मेसेज जातो:

"डिअर सर, आय वॉन्ट दॅट यू क्लिअर पेमेंट टिल फ्रायडे. वी डिस्कस्ड अबाउट धिस ऑन फोन. युअर अकाउंटंट टोल्ड टू सेंड बिल अगेन. प्लीज रिप्लाय मी. लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू."

अर्थ साधारण कळतो. पण अकाउंटंटने बिल पाठवायला कोणाला सांगितलं? मध्ये माणूसच नाही. समोरचा म्हणू शकतो, "त्याने आमच्याच माणसाला सांगितलं असेल, तुम्ही थांबा." शिवाय कुठलं बिल आणि किती पैसे, याचा पत्ता नाही. आता हा बघा:

"डिअर सर, वी रिक्वेस्ट यू टू पे अस ४२,००० रुपीज फॉर इनव्हॉइस नंबर ११८ बाय फ्रायडे. वी डिस्कस्ड धिस ऑन द फोन ऑन मंडे. युअर अकाउंटंट आस्क्ड अस टू सेंड द बिल अगेन, अँड वी सेंट इट टू हिम द सेम डे. प्लीज रिप्लाय टू धिस मेसेज. वी लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग द पेमेंट."

एकही अवघड शब्द नाही. पेपुढे चार गोष्टी ओळीने आल्या: कोणाला, किती, कशासाठी, कधीपर्यंत. बिल परत पाठवायचं काम कोणाचं होतं आणि ते झालं का, तेही कळलं. हा मेसेज तुमच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, दर वेळी आकडे आणि नावं तेवढी बदला.

सवय कशी लावायची?

एक छोटी वही करा. त्यात सुटा शब्द लिहायचा नाही. "रिमाइंड म्हणजे आठवण करून देणे" असं लिहिलं तर वाक्य करताना पुन्हा अडणार. "रिमाइंड समबडी टू डू समथिंग" असा साचा लिहा आणि खाली तुमच्या धंद्यातलं एक वाक्य. ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीच्या मोफत वेबसाइटवर क्रियापदाखाली असे साचे उदाहरणासह दिलेले असतात. आठवड्याला पाच क्रियापदं झाली तरी दोन महिन्यांत चाळीस होतात. रोजच्या ऑर्डर, पेमेंट आणि तक्रारींच्या मेसेजला तेवढी बऱ्यापैकी पुरतात.

मोबाइलवर भाषांतर करून घेत असाल तरी हरकत नाही. फक्त पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. काम कोण करणार, हे वाक्यात आहे का? मुदत "बाय", "अनटिल" की "विदिन"? आकडा "ने" बदलतोय की "वर" जातोय? भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपला तुमचा सौदा माहीत नाही, तो तुम्हालाच माहीत आहे.

आजचा गृहपाठ: तुम्ही पाठवलेले शेवटचे पाच इंग्रजी मेसेज उघडा. प्रत्येकातलं क्रियापद आणि त्याच्यामागून आलेला शब्द अधोरेखित करा. "वॉन्ट", "एक्स्पेक्ट", "स्टॉप", "टिल" आणि "आफ्टर" दिसले की तिथे जरा जास्त वेळ थांबा. एखादा मेसेज चुकीचा गेलाय असं दिसलं, तर आजच दुरुस्तीचा मेसेज पाठवा, माल निघायच्या आधी. आणि एखाद्या वाक्यावर अडलात तर समोरच्याचं नाव काढून ते वाक्य कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत आपण तीच वाक्यं एकेक करून सोडवू.